किशोरांसाठी आरोग्यसाहित्य

किशोरांसाठी आरोग्यसाहित्य : शरीराची वाढ, आहार, स्वच्छता, आजार व त्यांवरील उपाय यांविषयीची माहिती सुमारे १० ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींना स्वतः वाचून समजेल व आचरणात आणता येईल, अशा रीतीने तयार केलेले लेखन, चित्रे, तक्ते, वेष्टनांवरील सूचना इत्यादींना किशोरांसाठी आरोग्यसाहित्य म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरावस्था मानते. प्रस्तुत नोंदीत तिच्या पूर्वार्धाचा मुख्यतः विचार केला आहे. मजकूर वाचता येणे आणि तो समजणे या दोन भिन्न गोष्टी होत. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत प्रमाण मराठी, अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी इ. भाषा-बोली घरी बोलणारी मुले एकाच प्रकारची मराठी पाठ्यपुस्तके वाचतात. त्यामुळे हा भेद तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो आणि म्हणून पुढील विवेचनात उदाहरणे बहुधा त्याच प्रदेशातील घेतली आहेत.

पार्श्वभूमी : या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र लेखन करण्याची परंपरा खानदेशात जुनी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजींनी (१८९९–१९५०) वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक व पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक चालविले. मुलांशी त्यांच्या पातळीवर, पण त्यांचा मान राखून बोलण्याची रीत त्यातून रूढ झाली. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाने (स्थापना १९६७) नोव्हेंबर १९७१ पासून ‘किशोर’ हे मासिक सुरू केले. त्यामुळे या वयोगटाला नियतकालिकही लाभले. मात्र आरोग्याचा विषय दीर्घकाळ शरीरशास्त्राच्या धड्यांपुरता मर्यादित राहिला. अवयवांची नावे पाठ होत; परंतु ताप आला असता काय करावे, याचे ज्ञान त्यातून मिळेलच असे नसे.

आरोग्यसाक्षरता ही संज्ञा १९७४ मध्ये अमेरिकेत सायमंड्स यांनी शालेय शिक्षणाच्या संदर्भातच प्रथम वापरली. आंतरराष्ट्रीय बालक वर्षाच्या (१९७९) सुमारास लंडन येथे डेव्हिड मॉर्ली व ह्यू हॉज यांच्या प्रेरणेने ‘मुलांकडून मुलांकडे’ ही चळवळ सुरू झाली. थोरल्या मुलाने धाकट्या भावंडांना व सवंगड्यांना आरोग्याच्या साध्या गोष्टी शिकवाव्यात, ही तिची मूळ कल्पना. भारतात २००५ च्या सुमारास शाळांतून किशोरशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. परंतु त्यातील लैंगिक विषयांवरील मजकुरामुळे २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो स्थगित केला. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात पोषण, प्रजननविषयक आरोग्य, असंसर्गजन्य रोग, व्यसने, इजा व हिंसा आणि मानसिक आरोग्य असे सहा विषय घेतले आहेत. या विषयांवरील समुपदेशनासाठी महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची केंद्रे उघडण्यात आली.

सुबोधतेचे मापन : मजकूर किती कठीण आहे हे गणिताने ठरविण्याचे प्रयत्न प्रथम इंग्रजीत झाले. रूडॉल्फ फ्लेश (१९४८), मॅकलॉफ्लिन (१९६९) इत्यादींची सूत्रे वाक्यातील शब्दांची संख्या आणि शब्दांतील अवयवांची संख्या यांवर आधारलेली आहेत. वाक्य लांब व शब्द मोठे, तर मजकूर कठीण, असे त्यांचे गृहीतक आहे. ते मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामालाच जोडली जातात. ‘शाळेतल्यांसाठीसुद्धा’ हा शब्द लांब असूनही पाचवीतील मुलाला अडवीत नाही. उलट ‘दाह’, ‘स्राव’, ‘क्षार’ हे दोन अक्षरी शब्द त्याला अपरिचित असतात. म्हणून अक्षरे मोजण्यापेक्षा शब्दाचा परिचय, वाक्यातील कल्पनांची संख्या आणि सूचनांचा क्रम यांकडे लक्ष देणे मराठीत अधिक उपयुक्त ठरते.

विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचविलेली रिक्तस्थान-पद्धती कोणत्याही भाषेत वापरता येते. उताऱ्यातील दर पाचवा शब्द गाळून मुलांना तो भरावयास सांगतात. सुमारे ६० टक्के वा अधिक जागा बरोबर भरल्या, तर मजकूर त्या वाचकांच्या आवाक्यातील मानतात. ४० टक्क्यांहून कमी भरल्या, तर तो बदलणे आवश्यक असते. अर्थात ही चाचणी वाचू शकणाऱ्यांपुरतीच आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत (२०२३) देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे एक-चतुर्थांश मुलामुलींना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. त्याच पाहणीत जलसंजीवनीच्या पाकिटावरील मजकूर वाचून चार प्रश्नांची उत्तरे द्यावयाची होती. किमान पहिलीच्या पातळीचे वाचन येणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाच त्यांपैकी तीन वा अधिक उत्तरे बरोबर देता आली. म्हणजे वाचता येणाऱ्यांतही अनेकांना सूचनेचा अर्थ लागत नाही.

परिभाषा व बोली : महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) तयार केलेले परिभाषा कोश शास्त्रीय लेखनात एकवाक्यता आणण्यास उपयुक्त ठरले आहेत. तथापि संस्कृतोद्भव संज्ञा मुलांच्या परिचित शब्दांशी कधी कधी अनपेक्षितपणे टक्कर घेतात. ‘रक्तक्षय’ ही संज्ञा त्याचे ठळक उदाहरण होय. ‘क्षय’ म्हणजे टीबी हे मुलांनी भिंतीवरील फलकांवर वाचलेले असते. त्यामुळे रक्तक्षय हा रक्ताचा टीबी असावा असा समज होऊ शकतो. ‘अंगात रक्त कमी असणे’ हा प्रचलित शब्दप्रयोग सुबोध असला, तरी त्यालाही मर्यादा आहे. रक्ताचे आकारमान कमी होते असे त्यातून वाटते. वस्तुतः रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे हीमोग्लोबिन कमी झालेले असते. आनुवंशिक रोगाच्या संदर्भातील ‘वाहक’ या शब्दाचा मुलांना ठाऊक असलेला अर्थ एस.टी. बसमध्ये तिकिटे देणारा हा आहे. मुलगे वयात येताना झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनास ‘स्वप्नदोष’ म्हणण्याची रूढी तर अधिक हानिकारक आहे. जी घटना स्वाभाविक आहे, तिला या शब्दाने दोष ठरविले जाते. भयभीत झालेला मुलगा वडीलधाऱ्यांना न विचारता भिंतींवरील जाहिराती करणाऱ्या भोंदू वैद्यांकडे वळण्याचा संभव असतो.

अशा वेळी शास्त्रीय संज्ञा वगळणे हा उपाय नव्हे. कारण दवाखान्यातील कागदावर मुलाला तीच भेटणार असते. परिचित शब्दांत गोष्ट प्रथम सांगावी, नंतर संज्ञा द्यावी आणि पुढे तीच संज्ञा सर्वत्र वापरावी, ही रीत सोयीची ठरते. एकाच लेखात ‘जुलाब’, ‘अतिसार’, ‘हगवण’ व ‘पातळ शौचास होणे’ असे चार शब्द आले, तर मुलांना ते चार निरनिराळे आजार वाटतात.

बोलींचा प्रश्न यापुढचा आहे. अहिराणीत चतुर्थीचा ‘ले’ व सप्तमीचा ‘मा’ हे प्रत्यय असून वर्तमानकाळी क्रियापदाच्या शेवटी ‘स’ येतो. ‘मला चक्कर येते’ याऐवजी ‘माले चक्कर येस’, ‘पोटात दुखते’ याऐवजी ‘पोटमा दुखस’ असे मूल म्हणते. प्रमाण मराठीतील छापील मजकूर अहिराणीभाषक मुलाला बहुतांशी समजतो. परंतु स्वतःचे दुखणे तो बोलीतच सांगतो. म्हणून तक्रारी व लक्षणे यांची यादी बोलीत आणि उपचाराच्या सूचना प्रमाण मराठीत, अशी विभागणी करता येते. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांत पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांची अडचण याहून मोठी आहे. कारण शाळेची मराठी त्यांना दुसऱ्या भाषेप्रमाणे शिकावी लागते. त्यांच्यासाठी तोंडी निवेदन व चित्रे यांना छापील मजकुराइतकेच महत्त्व आहे.

लोहाची गोळी : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. किशोरवयीन वाचकांना हे ‘दहा मुलींपैकी जवळजवळ सहा’ असे सांगितल्यास लवकर उमगते. १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींत दर १०० मिलि. रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हीमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय मानतात. यावर उपाय म्हणून शाळांतून आठवड्यातून एकदा निळ्या रंगाची गोळी देण्यात येते. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार तीत ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते. याखेरीज वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते.

या गोळीविषयीच्या पत्रकांत तिचे फायदे सविस्तर असतात; पण मुलांना पडणारे प्रश्न निराळे असतात. गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळसर होतो व काहींना मळमळते. ही गोष्ट आधी सांगितलेली नसेल, तर गोळी बाधली अशी वदंता पसरते आणि पुढील आठवड्यात गोळ्या दप्तरातच राहतात. काळा रंग हा न शोषल्या गेलेल्या लोहाचा असून तो अपायकारक नसतो. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, कारण चहातील टॅनिनामुळे लोहाचे शोषण घटते. लिंबू वा आवळा खाल्ल्यास ते वाढते, ही माहिती कारणांसह दिली पाहिजे. आहाराचा उल्लेख करतानाही पालक व सफरचंद यांच्या ठरीव चित्रांऐवजी बाजरी, कळण्याची भाकरी, मेथी, हरभरा, शेंगदाणे असे खानदेशातील घरांत नित्य असणारे पदार्थ सांगणे योग्य होय. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांचा शाळेशी काही महिने संबंध तुटतो. त्यांच्याजवळ राहील असे छोटे पत्रक वर्गातील तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

सिकलसेल : सातपुड्यातील भिल्ल, पावरा इ. आदिवासी समाजांत हा आनुवंशिक रोग आढळतो. यात तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर नाश पावतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना उत्पन्न करतात. या रोगाच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियानास मध्य प्रदेशातील शहडोल येथून प्रारंभ झाला. खानदेशात लिहिताना येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सिकलसेल व लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय या दोहोंनाही लोक ‘रक्त कमी’ असेच म्हणतात. परंतु दोहोंचे उपचार भिन्न आहेत. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते अशा रुग्णांच्या शरीरात लोह साठत असल्याने त्यांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. सर्वांसाठी लिहिलेल्या पत्रकात हे एक वाक्य वगळले गेल्यास अपाय होऊ शकतो.

आनुवंशिकतेचा नियम सांगताना होणारी चूकही लक्षात घेण्याजोगी आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर ‘चारांपैकी एक मूल रोगी’ असे लिहितात. त्यावरून एक मूल रोगी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा अर्थ मुलेच काय, प्रौढही घेतात. वस्तुतः प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी ही शक्यता नव्याने तेवढीच असते. दोन नाणी एकत्र उडविण्याचा खेळ येथे उपयोगी पडतो. दोन्ही नाण्यांवर काटा पडणे म्हणजे रोगी मूल, एकावर छाप व एकावर काटा म्हणजे वाहक आणि दोन्हींवर छाप म्हणजे निरोगी मूल, असे ठरवून नाणी वीस-पंचवीस वेळा उडविली म्हणजे आधीचा निकाल पुढच्या खेपेला बांधून घेत नाही, हे मुलांना आपोआप कळते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे लागते. अन्यथा तपासणीचा कागद मुलीच्या विवाहात अडसर ठरेल या भीतीने घरचे लोक तो लपवितात. महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१·९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता (२०१९–२१). विवाहाची बोलणी सुरू होण्यापूर्वी ही माहिती मुलामुलींच्या हाती पडावयाची, तर ती शाळेच्या वरच्या प्राथमिक वर्गांतच दिली पाहिजे.

मासिक पाळी : ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’ अशा शब्दांनी मराठी घरांत या विषयावर पडदा टाकला जातो. परिणामी अनेक मुलींना पहिली पाळी ही इजा वा आजार वाटते. साहित्यात बहुधा पाळीचे चक्र २८ दिवसांचे म्हणून दाखविलेले असते. प्रत्यक्षात आरंभीच्या दोन-तीन वर्षांत ते २१ ते ४५ दिवसांचे असू शकते. म्हणून २८ हा एकच आकडा वाचलेली मुलगी विनाकारण घाबरते. पहिली पाळी साधारणतः १० ते १५ वर्षांच्या दरम्यान येते, ती दोन ते सात दिवस टिकते आणि वापरलेले कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे लागते, एवढी माहिती नेमकेपणाने द्यावी. कापड आडोशाला दमट जागी वाळविण्याची प्रथा लाजेतून आलेली असल्याने नुसती सूचना पुरेशी होत नाही. उन्हाने जंतू मरतात हे कारणही सांगावे लागते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठी सवलतीच्या दराने पॅड देणारी ‘अस्मिता’ योजना सुरू केली होती. हा मजकूर मुलग्यांनाही वाचावयास द्यावा, असे शिक्षणतज्ञांचे मत आहे. त्यामुळे वर्गातील थट्टा कमी होण्यास मदत होते.

मापे, रंग व चिन्हे : आरोग्यविषयक सूचनेत आकडा व माप यांना शब्दांइतकेच महत्त्व असते. जलसंजीवनीचे मोठे पाकीट (सु. २०·५ ग्रॅम) एक लिटर पाण्यात एकदम विरघळवावयाचे असते. घरी मात्र पाणी तांब्याने वा पेल्याने मोजतात. पाकीट पेलाभर पाण्यात टाकल्यास द्रावण तीव्र होऊन शरीरातील सोडियम धोकादायक प्रमाणात वाढू शकते. फार पाण्यात टाकल्यास त्याचा गुण येत नाही. म्हणून ‘एक लिटर’ या शब्दांबरोबर लिटरची बाटली चित्रात दाखवावी आणि घरचा तांब्या किती पेल्यांचा आहे हे मुलांकडूनच मोजवून घ्यावे. द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे, ही सूचना शेवटी स्वतंत्र ओळीत असावी.

रंगांचा अर्थही सर्वत्र एक नसतो. भारतात कीटकनाशकांच्या डब्यांवर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा व हिरवा असे त्रिकोण छापतात. लाल अत्यंत विषारी व हिरवा त्या मानाने सौम्य विषारी दर्शवितो. परंतु रस्त्यावरील दिव्यांमुळे हिरवा म्हणजे निर्धोक, असे मुलांच्या मनावर ठसलेले असते. कपाशीच्या शेतात घरच्यांना मदत करणाऱ्या खानदेशातील मुलांना हिरव्या त्रिकोणाचा डबाही विषाचाच असतो व तो रिकामा झाल्यावर पाण्यासाठी वापरू नये, हे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. त्याचप्रमाणे मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. ‘उष्माघात’ हा शब्द तेथील मुलांना ‘ऊन लागणे’ या शब्दाशी जोडून दिला, तरच शुद्ध हरपणे व अंग तापणे ही त्याची लक्षणे साध्या थकव्यापासून निराळी ओळखता येतात.

पूर्वचाचणी : साहित्य छापण्यापूर्वी ते ज्यांच्यासाठी आहे त्या मुलांपुढे ठेवून पाहणे, ही त्याच्या निर्मितीतील सर्वांत महत्त्वाची पायरी होय. ‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गात ‘हो’ असेच उत्तर मिळते. म्हणून वाचलेले स्वतःच्या शब्दांत, शक्यतो घरच्या बोलीत, सांगावयास लावतात. पाकीट, बाटली, पाणी देऊन कृती करून दाखविण्यास सांगतात. ‘तुझ्या धाकट्या बहिणीला असे झाले तर तू काय करशील?’ असा प्रसंग पुढे ठेवतात. शिक्षक बाजूला असताना लहान गटात हे करणे श्रेयस्कर असते. शहरातील शाळा, अहिराणीभाषक खेडे व यावल किंवा धुळे आदिवासी विकास प्रकल्पातील आश्रमशाळा अशा तिन्ही ठिकाणी चाचणी घेतल्यास एकाच मजकुरातील निरनिराळे अडथळे लक्षात येतात. पुष्कळदा एखादा शब्द, बाण किंवा चित्रातील कापलेला अवयव एवढेच बदलावे लागते.

प्रसार व मर्यादा : आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ‘मीना-राजू मंचा’सारख्या शालेय उपक्रमांतून गोष्टी व नाट्यप्रवेश यांच्या द्वारा हे विषय मांडले जातात. मानसिक अस्वास्थ्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनिसेवा (१४४१६) उपलब्ध झाली आहे. अशा सेवांचे क्रमांक व जवळच्या आरोग्य केंद्राच्या वेळा दिल्याखेरीज साहित्य पूर्ण होत नाही. कारण वाचून शंका उत्पन्न झालेल्या मुलाला पुढे कोठे जावे, हे कळावे लागते. उलट, केवळ सुबोध लेखनाने पाणी, शौचालय, औषधे वा परिचारिका यांची उणीव भरून निघत नाही. शाळेत पाण्याची सोय नसेल, तर हात धुण्याचे उत्तम चित्रही निरुपयोगी ठरते. सोयी असूनही केवळ सूचना न कळल्यामुळे होणारी हानी मात्र अशा साहित्याने टाळता येते. ही हानी इतर हानींपेक्षा कमी खर्चात टळणारी असल्याने या साहित्याकडे आरोग्यसेवेचाच एक भाग म्हणून पाहिले जाते.